टॉर्च नीट धरा

विमा एजंट सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता. पोहे संपले होते, चहा यायचा होता, आणि माझं वजन, उंची, वडील कशाने गेले, साखर शेवटची कधी तपासली, हे सगळं त्याच्या फॉर्मात उतरून झालं होतं.

"बस, आता शेवटचा रकाना, सर," तो म्हणाला. "धोकादायक छंद. गिर्यारोहण, पॅराग्लायडिंग, मोटर रेसिंग वगैरे. नाही लिहू ना?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आहे म्हणून लिहा हो!"

माझ्याबद्दलचे प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरं स्वयंपाकघरातून घ्यायची, ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे. एजंट नवा होता. त्याने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. फोटोत चिखलाने माखलेला एक सडपातळ मुलगा आरएक्स-१००वर बसला आहे. त्या मुलाचा आणि माझा संबंध जुळवायला त्याला जरा वेळ लागला.

"सर, तुम्ही रेसिंग करता?"

"करायचो. पंचवीस वर्षं झाली सोडून. आता फक्त खाली पार्किंगमध्ये थोडीफार खटपट."

"मग काही हरकत नाही," तो सुटल्यासारखा म्हणाला.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "रेसिंगचं नका लिहू. रेसिंग मला चालायचं. खटपटीचं लिहा. खटपटीला रकाना आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. त्याने फॉर्म उलटा करूनही पाहिला. शेवटी ऑफिसात विचारतो, गुरुवारी येतो, असं सांगून तो गेला.

मला ते लागलं. त्या रात्री बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून मी अंगावरच्या खुणा मोजल्या. एकूण चौदा भरल्या. त्यांतल्या रेसिंगच्या खात्यावर किती? एक. आणि तीही वादग्रस्त.

ती खूण म्हणजे डाव्या खांद्याचं गळपट्टीचं हाड. चारचौघांत मी ते "शर्यतीत मोडलं" असंच सांगत आलोय, आणि ते अगदीच खोटं नाही. शहराबाहेरच्या एका पडीक मैदानावर मातीच्या ट्रॅकची शर्यत होती. जेसीबीने उंचवटे केलेले, टँकरने पाणी मारलेलं, वळणांवर जुन्या टायरांची आणि गवताच्या पेंढ्यांची भिंत. माझी आरएक्स सेकंडहँड. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, त्यामुळे माझ्या घरी येईपर्यंत तिचे तीन संसार होऊन गेले होते. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ घोड्यांची, वजन शंभर किलोच्या आसपास. शर्यतीसाठी दिवा, इंडिकेटर, मडगार्ड, साडीगार्ड सगळं उतरवलं होतं. साडीगार्ड काढताना आई शेजारी उभी होती. "आणि मग मागे बसणारीने काय करायचं?" असं तिने विचारलं. शर्यतीत मागे कुणी बसत नाही हे ऐकून तिला माझ्या भवितव्याची काळजी वाटली.

भीती वाटते का, असं लोक विचारतात. वाटते की. पण वळणावर नाही वाटत. वळणावर इतकी कामं असतात की भीतीला नंबर लावूनही आत येता येत नाही. ती गाठते ती सुरुवातीला, समोरचं गेट पडायच्या आधीच्या पाच-सात सेकंदांत. अठरा गाड्या क्लच दाबून किंचाळत असतात, टू-स्ट्रोकचा निळा धूर गॉगलच्या आत शिरतो, तोंडातली थुंकी कुठे गेली ते कळत नाही, आणि नेमकं तेव्हा नको ते आठवतं. मला आठवलं की डोक्यावरचं हेल्मेट मावसभावाचं आहे आणि आपण त्याला विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी दोनदा पडलो. पहिल्यांदा स्वतःहून, दुसऱ्यांदा दुसऱ्यावर. दोन्ही वेळा माणसं धावत आली. एकाने पिवळं निशाण हलवलं, एकाने गाडी उचलली, एकाने माझ्या डोळ्यांपुढे बोटं नाचवून "किती?" विचारलं. कोपऱ्यात अँब्युलन्स होती, अँब्युलन्समध्ये डॉक्टर होता, आणि डॉक्टर जागा होता. एवढी विचारपूस माझी लग्नातसुद्धा झाली नाही. शिवाय ट्रॅकवर आणखी एक सोय असते, तिची किंमत पुण्यात राहणाऱ्यालाच कळेल: सगळे एकाच दिशेने जातात.

अठरा जणांत अकरावा आलो. अंगावर ओरखडा नाही. मग गाडी टेम्पोत चढवायला घेतली. टेम्पोच्या फाळक्याला एक फळी तिरकी लावलेली, मी डाव्या बाजूने हँडल धरून पळत वर चढलो, मागच्याने "हां, हां, येऊ दे" म्हणून आधार सोडला, आणि फळी सरकली. इंजिन बंद, वेग शून्य, शर्यत संपून पाऊण तास झालेला. आधी मी खाली आलो, माझ्यावर आरएक्स आली. टेम्पोवाला वाकून बघत म्हणाला, "साहेब, सकाळपासून चौदा गाड्या चढवल्या, एक पडली नाही."

डॉक्टर तोवर घरी गेला होता.

तेव्हापासून माझं हे मत आहे, आणि विमा कंपनीने ते विचारात घ्यावं असं मला वाटतं, की धोका वेगात असतो ही समजूत फार वरवरची आहे. वेगात माणूस सावध असतो. चिलखत घालून, गुडघ्यांना पॅड बांधून, बूट घोट्यापर्यंत आवळून मी ट्रॅकवर जायचो, आणि परत येताना रस्त्याला लागलो की चप्पल घालायचो आणि हेल्मेट हँडलला अडकवायचो, कारण आता काय, घरीच तर जायचंय. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. ती काही शर्यतीत नव्हती. कुणी भाजी आणायला निघालं होतं, कुणी क्लासला. आता मी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट घालतो. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढलेल्या शहरात हे दिसायला विचित्र दिसतं. दूधवाल्याने एकदा काळजीने विचारलं, "काका, लांब निघालात का?"

असो. राहिल्या तेरा खुणा. या सगळ्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन नंबरच्या खांबाशेजारच्या आठ बाय दहाच्या जागेत झालेल्या आहेत.

उजव्या अंगठ्यावरची पांढरी रेघ ग्राइंडरची. ग्राइंडर विकत मिळतो, पण जुन्या वॉशिंग मशिनची मोटर घरात पडून असताना तो विकत आणणं म्हणजे पैशांचा माज. मी मोटर टायमरसकट काढली, जुन्या लोखंडी खाटेच्या अँगलवर बसवली, लेथवाल्याकडून शाफ्ट करून घेतला, त्यावर चाक चढवलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ग्राइंडर जागेवर राहिला आणि खाट फिरायचा प्रयत्न करू लागली. तो प्रश्न चार बोल्टनी सुटला. खरी गोम वेगळीच होती: वॉशिंग मशिनचा टायमर मोटर थोडा वेळ उजवीकडे फिरवतो, थांबवतो, मग डावीकडे फिरवतो, हे मी विसरलो होतो. कपड्यांना ते चांगलं असतं.

डाव्या नडगीवरची खोक किकची. इग्निशनचा टायमिंग थोडा पुढे घेतला की इंजिन तरतरीत होतं, असं मेस्त्री म्हणतात. मी थोडा आणखी पुढे घेतला. मग किक मी गाडीला मारायच्याऐवजी गाडीने मला मारली. कपाळावरचं टेंगूळ पार्किंगच्या तुळईचं; ते दर दिवाळीच्या आसपास नव्याने येतं. बोटांच्या पेरांवरचे चरे सिलिंडरच्या पंख्यांचे. पोटरीवरचा भाजल्याचा डाग सायलेन्सरचा, पण तो या देशात गाडी चालवलेल्या प्रत्येकाला असतो, त्याला मी खूण धरत नाही, जन्मखूण धरतो.

डोळ्याखालचा बारीक तीळ दिसतो ना, तो तीळ नाही. ती सर्कलिप आहे. म्हणजे सर्कलिप लागल्याची जागा. पिस्टनची पिन जागेवर राहावी म्हणून दोन्ही बाजूंना तारेच्या बारीकशा कड्या असतात. त्या पक्कडीने दाबून खाचेत बसवायच्या असतात आणि बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं ठेवायचं असतं, कारण कडी सुटली तर इंजिनाच्या पोटात जाते. मी फडकं ठेवलं होतं. कडी इंजिनात गेली नाही. माझ्या डोळ्याखाली टिचकी मारून ती जी उडाली, ती तीन महिने कुठे होती ते देवाला ठाऊक. आणि हे मी शब्दशः म्हणतोय, कारण ती अखेर देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या पळीत सापडली. खालच्या पार्किंगमधून तिसऱ्या मजल्यावर ती कशी पोहोचली याचं शास्त्रीय उत्तर 'माझ्या शर्टच्या खिशातून' असं आहे, पण बायकोने ते मानलं नाही. तिने कडीला हळदकुंकू वाहिलं.

आता ओव्हनचं सांगितलं पाहिजे, कारण त्यावरूनच आमच्या घरी 'खटपट' हा शब्द अपशब्द झाला.

क्रँककेसमध्ये नवं बेअरिंग बसवायचं तर हातोडीने ठोकू नये. केस अ‍ॅल्युमिनियमची असते, बेअरिंग पोलादाचं. तापवलं की अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. म्हणून जाणकार माणसं बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, केस शंभर-सव्वाशे डिग्रीला तापवतात, आणि मग बेअरिंग नुसतं वरून सोडायचं. बायको भिशीला गेली होती. मी फ्रीझरमधून, मटार आणि खवलेल्या नारळाच्या मधून, बेअरिंग काढलं. ओव्हनमधून केस काढली. सोडलं. 'टप्' असा एक मऊ आवाज झाला आणि बेअरिंग जागेवर बसलं. त्या आवाजासाठी माणसाने जगावं. मी अकरावा आलो तेव्हाही मला असलं काही वाटलं नव्हतं.

चूक एवढीच झाली की त्याच संध्याकाळी त्याच ओव्हनमध्ये मुलाच्या वाढदिवसाचा केक भाजला गेला. व्हॅनिला आणि गिअर ऑइल यांचं एकत्र काय होतं ते पाकशास्त्राच्या पुस्तकांत नाही. पोरं मात्र खूश होती. एक जण म्हणाला, "काकू, पेट्रोल पंपासारखा वास येतोय, मस्त!" आणि दुसरी चूक अशी की उत्साहाच्या भरात मी पिस्टनपिनचं अंगठीएवढं निडल बेअरिंगही गार करायला ठेवलं होतं, त्याला काही गरज नसताना, आणि ते मटारच्या पिशवीत उतरलं. त्या आठवड्यात सासूबाई आल्या होत्या. उसळीच्या वाटीतून त्यांनी ते चमच्याने बाहेर काढलं, पदराने पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन सुया बोटाने फिरवून पाहिल्या.

"फिरतंय अजून," म्हणाल्या.

त्या दिवसापासून सासूबाईंबद्दलचं माझं मत बदललं. बायकोचं माझ्याबद्दलचं बदललं नाही.

तसं पाहिलं तर स्वयंपाकघराचे माझ्या गाडीवर उपकारच आहेत. टाकी आतून गंजली होती तेव्हा मी नाना पेठेत दहा दुकानं फिरून रसायनं विचारत होतो. आई म्हणाली, "चिंच घाल. तांब्याची घागर कशाने घासतो आपण?" चिंचेचा कोळ, मूठभर जुने नट आणि दोन दिवस ऊठसूट टाकी हलवणं, एवढ्यावर गंज सुटला. टाकी हलवताना आलेल्या आवाजावरून शेजारी समजले की आमच्याकडे कुणी ताशा शिकतंय. क्लचच्या झाकणाची गॅस्केट तर मी विकत आणतच नाही. लग्नपत्रिकेचा कागद त्याला उत्तम. जाड, दमदार, तेल लवकर न पिणारा. झाकणाच्या कडेवर पत्रिका ठेवायची, गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोकत जायचं, कडेकडेने कागद आपोआप कापला जातो. मग शेलॅक लावून बसवायची. माझ्या इंजिनात या क्षणी 'आमच्या येथे श्री कृपेकरून' तेलात भिजत बसलेलं आहे. ते जोडपंही छान चाललंय म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशासाठी? जी गाडी आठवड्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत जाते, तिचं एवढं काय? मला याचं उत्तर देता येत नाही. मी फक्त एवढं सांगू शकतो की जगात मी एकटा नाही.

न्यूझीलंडमध्ये इन्व्हरकारगिल नावाचं गाव आहे. तिथे बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ होता. त्याने १९२० साली 'इंडियन' या अमेरिकन कंपनीची स्काउट गाडी घेतली, जेमतेम ताशी ५५ मैल जाणारी, आणि पुढची पन्नासएक वर्षं तो तिच्यात हात घालून बसला. पिस्टन स्वतः ओतायचा, तेही डब्यांच्या साच्यांत. फुटलेले, वितळलेले, वाकलेले भाग त्याने फेकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर मांडून ठेवले आणि वर लिहिलं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्या ४७ वर्षांच्या गाडीवर अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात त्याने ताशी १८३ मैल, म्हणजे २९५ किलोमीटर गाठले. २००५ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला, त्यात मन्रोचं काम अँथनी हॉपकिन्सने केलं. सिनेमाचं नाव 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन'. मी तो घरी सगळ्यांना बसवून दाखवला. मुलगा शेवटपर्यंत इंडियन कधी येतो याची वाट बघत होता. बायकोने एकच विचारलं, "याचं लग्न टिकलं होतं का हो?" मी विषय बदलला.

त्याच बॉनव्हिलला १९४८ मध्ये रॉली फ्री नावाच्या माणसाने व्हिन्सेंट गाडीवर ताशी १५० मैल ओलांडले. आधीच्या फेरीत त्याचे कातडी कपडे वाऱ्याने फाटले, म्हणून त्याने ते उतरवले आणि पोहायच्या चड्डीवर, गाडीवर सपशेल पालथा पडून, पाय मागे सोडून तो गेला. त्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. मी तो ग्राइंडरच्या वर लावला होता. सोसायटीच्या एका बैठकीत तो फोटो अश्लील ठरला.

पण या सगळ्या उपद्व्यापांत माझा सगळ्यांत मोठा उपद्व्याप म्हणजे सायलेन्सर. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमागे खरी गुप्तहेरकथा आहे. इंजिनातून धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही निसटतं. सायलेन्सरचं पोट योग्य मापाचं फुगवून पुढे निमुळतं केलं तर दाबाची लाट टोकाला आपटून उलटी फिरते आणि त्या निसटणाऱ्या पेट्रोलला दार बंद व्हायच्या आत पुन्हा आत ढकलते. न जेवता निघालेल्या पाहुण्याला दारातून वळवून पुन्हा पानावर बसवावं, तसं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेनने हे गणित पन्नाशीच्या दशकात इतकं पक्कं बसवलं की १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या गाडीतून २५ घोडे निघू लागले. आणि त्याच वर्षी त्याचा बिनीचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळाला. बायको-मुलांना मोटारीच्या डिकीत लपवून पूर्व जर्मनीबाहेर काढलं, आणि डोक्यातली ती सगळी मापं घेऊन तो जपानला सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीकडे ५० सीसीचं जागतिक विजेतेपद.

ही गोष्ट मी जेवताना सांगितली. बायको म्हणाली, "बघा, डिकीतून का होईना, त्याने बायकोला फिरायला तर नेलं."

जपानच्या सुझुका ट्रॅकवर एका वळणाला आजही डेग्नरचं नाव आहे. का, तर तो तिथे पडला होता. या न्यायाने आमच्या पार्किंगचे दोन खांब आणि एक रॅम्प माझ्या नावावर व्हायला हरकत नाही.

तर ते पोट मी घरी करायला घेतलं. आधी शर्टांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून शंकू कापले. शंकू उलगडला की कागदावर पंख्यासारखा आकार येतो, त्याचा कोन काढताना दहावीची भूमिती, जी मी बाईंना 'आयुष्यात कधी लागणार' म्हणून विचारली होती, अखेर लागली. मग जुन्या बाजारातून पत्रा, गॅसच्या पाइपावर वळवणं, गॅस वेल्डिंगवाल्यापुढे दोन रविवार उकिडवं बसणं. वेल्डिंगवाला दर शंकूनंतर विचारायचा, "साहेब, नक्की गाडीलाच लावायचंय ना?" लागल्यावर दिसायला तो अजगरासारखा दिसत होता, नुकताच बोकड गिळलेल्या. रात्री साडेनऊला मी किक मारली.

खालच्या वेगात काहीही फरक नाही. वरच्या वेगात मात्र पाहुणा दारातून परत फिरला आणि चौथ्या मजल्यापर्यंतचे सगळे लोक गॅलरीत आले. सात मोटारींचे भोंगे एका सुरात वाजू लागले. वॉचमन काठी घेऊन आला, मला बघून परत गेला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: 'पार्किंगमध्ये वाहने उभी करावीत, निर्माण करू नयेत.' खाली सेक्रेटरींची सही. सूचनेचा कागद चांगला जाड होता, त्याची मी नोंद घेतली.

मी रेसिंग का सोडलं, हेही एजंटने विचारलं नाही, पण सांगून टाकतो. घाबरून सोडलं. हाड मोडलं म्हणून नव्हे. आयल ऑफ मॅनच्या टीटीच्या शर्यती असतात ना, साठ किलोमीटरचा गावरस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, घरांचे उंबरे, दिव्यांचे खांब, आणि त्यामधून ताशी तीनशेने जाणाऱ्या गाड्या. तिथेही सगळे एकाच दिशेने जातात, पण कुंपण कुठेच जात नाही. त्या डोंगरी रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त शर्यतपटू गेले आहेत. ती चित्रफीत बघताना मी सोफ्यावर उजवा पाय दाबून ब्रेक मारत होतो, आणि पोरगं तेव्हा दीड वर्षाचं, माझ्या मांडीवर झोपलेलं. माझ्या लक्षात आलं की ट्रॅकवर ब्रेक मारायचा विचार आधी यायला लागला की माणसाने ट्रॅकवर जाऊ नये. तो स्वतःलाच नव्हे, मागच्यालाही पाडतो. म्हणून मी गाडी स्टँडवर घेतली. कोपऱ्यापर्यंतची फेरी सोडली तर ती अजून तिथेच आहे. स्टँड मी घरीच केला आहे, त्यामुळे ती जरा डावीकडे झुकते.

रेसिंगमध्ये आणि खटपटीत एकच मोठा फरक आहे. शर्यत एकट्याने करता येते. खटपटीला टॉर्च धरायला माणूस लागतं.

टॉर्च धरणं हे कठीण काम आहे. माझी नजर जिथे आहे तिथे उजेड पडला पाहिजे, धरणाऱ्याची नजर जिथे आहे तिथे नव्हे. त्याने बोलायचं नाही, पण विचारलं तर उत्तर द्यायचं. दहाचा पाना मागितला की दहाचाच द्यायचा, आणि तो देताना उजेड हलू द्यायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको हौसेने टॉर्च धरायची. "दोन मिनिटं" असं मी म्हटलेलं असायचं. खटपटीतली दोन मिनिटं म्हणजे साधारण रात्रीचं जेवण गार होऊन पुन्हा गरम होऊन पुन्हा गार होण्याइतका काळ. "टॉर्च नीट धर" हे वाक्य आमच्या संसारात 'ऐकलंत का'पेक्षा जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल. नंतर मुलगा धरू लागला. तो शिकायला बेंगळुरूला गेला. त्याने कॉम्प्युटर घेतला, मेकॅनिकल नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "बाबा, त्याच्या स्क्रीनला आतून उजेड असतो."

गुरुवारी एजंट आला तेव्हा मी खाली होतो. क्लचचं झाकण उघडलेलं, तेल ट्रेमध्ये गळतंय, बॅटरी तोंडात धरलेली, त्यामुळे मला त्याचं स्वागत करता आलं नाही. त्याने हाताखाली फाइल धरली होती.

"सर, ऑफिसात विचारलं. तसा रकाना नाही, पण इतर म्हणून लिहिता येईल. त्याचा तपशील..."

मी बॅटरी तोंडातून काढून त्याच्या हातात दिली. "जरा इथे धर. दोन मिनिटं."

त्याने धरली. आणि सांगतो, त्या पोराने ज्या पद्धतीने ती धरली, तशी पंचवीस वर्षांत कुणी धरली नव्हती. माझी मान वळायच्या आधी उजेड वळत होता. मी चक्रावून त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्या गावाला वडलांची राजदूत आहे," तो हळूच म्हणाला. "बारा वर्षं गोठ्यात उभी आहे. लहानपणी मीच धरायचो." थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "काका, टाकी गंजली असेल तर काय करतात?"

'सर'चा 'काका' झाला होता. मी चिंच सांगितली. त्याने फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतली. मग त्याने क्लचच्या पट्ट्यांकडे बोट केलं, मग मी त्याला त्या हातात दिल्या, मग त्याने टाय काढून आरशाला अडकवला. गॅस्केटची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की पत्रिका संपल्या आहेत. लग्नसराई लांब होती. सूचनाफलकाकडे माझी नजर गेलेली त्याने पाहिली आणि काही न बोलता आपली फाइल उघडून कंपनीचं ते जाड, गुळगुळीत पाकीट, ज्यावर आजी, आजोबा, सून, मुलगा आणि नातू एकाच दिशेने बघत हसतात, ते रिकामं करून माझ्यापुढे ठेवलं.

"याला तेल लागत नाही, काका. आमच्याकडे भरपूर आहेत."

मी ते झाकणावर धरलं, त्याने हातोडी घेतली, आणि कडेकडेने टकटक सुरू झाली. आजोबा गेले, सून गेली, नातू मात्र मधोमध शाबूत राहिला. वर गॅलरीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, त्या मुलाला कशाला बसवून ठेवलंय? जेवण गार होतंय!"

मी उत्तर द्यायच्या आत तोच मान वर करून म्हणाला, "झालंच काकू! दोन मिनिटं!"